फॉर्मिगाची २६ वर्षं कशी मोजायची?

२५ नोव्हेंबर २०२१. ब्राझीलमधल्या मनाउस शहरात, अ‍ॅमेझॉनच्या जंगलाने वेढलेल्या त्या गावच्या स्टेडियमवर, ब्राझील आणि भारत यांच्या महिला फुटबॉल संघांचा सामना चालू होता. आपल्याकडे तेव्हा २६ तारीख उजाडत होती. पहिल्याच मिनिटाला देबिन्याने ब्राझीलचा गोल केला, आठव्या मिनिटाला आपल्या मनीषा कल्याणने बरोबरी साधली, आणि मग ब्राझीलने ६-१ असा सामना जिंकला. आपल्याकडे चर्चा झाली ती मनीषाच्या गोलची, आणि ती व्हायलाच हवी होती. ब्राझीलच्या विरुद्ध गोल करणं ही काही रोजची गोष्ट नाही. पण त्या स्टेडियमवर आलेले लोक आणखी एका क्षणाची वाट पाहत होते. सामना शेवटाकडे आला तेव्हा ४३ वर्षांची एक मध्यरक्षक बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरली. देशासाठी तिचा तो शेवटचा सामना होता. पहिला ती खेळली होती १९९५ साली, १७ वर्षांची असताना. मधे २६ वर्षं गेली होती.

तिचं कागदोपत्री नाव मिराइल्देस मासिएल मोता. जग तिला फॉर्मिगा म्हणून ओळखतं. पोर्तुगीज भाषेत फॉर्मिगा म्हणजे मुंगी. सतत धावणारी, स्वतःपेक्षा मोठं ओझं वाहणारी, रांगेसाठी राबणारी, म्हणून लहान वयातच तिला हे नाव पडलं आणि पुढे जर्सीवरही तेच आलं.

सात विश्वचषक आणि सात ऑलिम्पिक खेळलेली ही खेळाडू. पण नुसतं ‘सात आणि सात’ सांगून काही कळत नाही. आंतरराष्ट्रीय कारकीर्द म्हणजे नेमकं काय, ती मोजतात कशी, आणि त्या आकड्यांत काय दिसतं आणि काय लपतं, हे समजून घ्यायचं असेल तर फॉर्मिगाइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आधी मोजणी. क्रिकेटमुळे ‘कॅप’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. फुटबॉलमध्ये तो इंग्लंडहून आला. तिथल्या फुटबॉल संघटनेने १८८६ पासून देशासाठी खेळणाऱ्याला खरोखरची टोपी द्यायला सुरुवात केली. टोपी मागे पडली, शब्द राहिला. आज एक कॅप म्हणजे देशाच्या वरिष्ठ संघाकडून दुसऱ्या देशाच्या वरिष्ठ संघाविरुद्ध खेळलेला एक अधिकृत सामना. मैत्रीपूर्ण लढतही त्यात धरतात. राखीव बाकावर बसून राहिलात तर काही नाही, पण शेवटच्या दोन मिनिटांसाठी आत गेलात तरी एक कॅप मिळते, आणि जादा वेळेसकट १२० मिनिटं धावलात तरी एकच. एखाद्या क्लबविरुद्ध किंवा २० वर्षांखालील संघाविरुद्ध खेळलेला सामना या हिशेबात येत नाही. जुन्या काळातल्या खेळाडूंचे आकडे वेगवेगळ्या याद्यांमध्ये वेगवेगळे दिसतात, त्याचं एक कारण हेच: कुठला सामना धरायचा आणि कुठला नाही, यावर एकमत नसतं. ब्राझीलमध्ये फॉर्मिगाचे सामने २३० च्या वर मोजले जातात. तेवढे सामने तिथल्या पुरुषांच्या संघाकडूनही कोणी खेळलेलं नाही.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. पुरुषांच्या ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये देशाचा मुख्य संघ उतरत नाही. तो २३ वर्षांखालील खेळाडूंचा संघ असतो, वयाने मोठे फक्त तीन चालतात. महिलांच्या ऑलिम्पिकला वयाची अट नाही. तिथे वरिष्ठ संघच खेळतो आणि कॅपही वरिष्ठ संघाची मिळते. म्हणून महिला फुटबॉलपटूला ऑलिम्पिक पदकाचं मोल विश्वचषकाच्या जवळपास असतं, आणि म्हणूनच एक मध्यरक्षक १८ व्या वर्षापासून ४३ व्या वर्षापर्यंत ऑलिम्पिक खेळू शकली. महिला फुटबॉल ऑलिम्पिकमध्ये आलं १९९६ साली, अटलांटात. तेव्हापासून २०२१ मध्ये झालेल्या टोकियोपर्यंत प्रत्येक स्पर्धेत फॉर्मिगा होती. दुसरी कोणतीही खेळाडू या सातही स्पर्धांमध्ये खेळलेली नाही.

यातली गंमत अशी की ही मालिका सुरूच झाली नसती. अटलांटाला आठ संघ जाणार होते आणि ते ठरणार होते १९९५ च्या स्वीडनमधल्या विश्वचषकावरून. ब्राझीलने पहिल्याच सामन्यात यजमान स्वीडनला १-० असं हरवलं, मग जपानकडून १-२ आणि जर्मनीकडून १-६ असा मार खाल्ला. एकूण क्रमांक लागला नववा, म्हणजे संधी एका जागेने हुकली. पण पहिल्या आठांत इंग्लंड होतं, आणि ऑलिम्पिकमध्ये इंग्लंड नावाचा वेगळा देश नसतो, असतो तो ग्रेट ब्रिटन. ती जागा रिकामी झाली आणि ब्राझीलला मिळाली. अटलांटात तोच संघ चौथा आला. एका तांत्रिक नियमामुळे उघडलेल्या दारातून आत शिरलेली मुलगी पुढची २५ वर्षं तिथून हलली नाही.

पुन्हा आकड्याकडे येऊ, कारण मला जे सांगायचं आहे ते इथेच आहे. महिलांमध्ये सर्वाधिक आंतरराष्ट्रीय सामन्यांचा विक्रम अमेरिकेच्या क्रिस्टिन लिलीच्या नावावर आहे. तीही मधल्या फळीतली. १९८७ ते २०१० या २३ वर्षांत ती ३५४ सामने खेळली, म्हणजे वर्षाला सरासरी १५. फॉर्मिगाची कारकीर्द लिलीपेक्षा तीन वर्षांनी मोठी, तरी सामने शंभराहून अधिक कमी. वर्षाला नऊच्या आसपास. ही तफावत कुठून आली?

फॉर्मिगा कमी पडली म्हणून नाही. सात विश्वचषक आणि सात ऑलिम्पिक यांतल्या प्रत्येक स्पर्धेत संघ अगदी शेवटच्या दिवसापर्यंत टिकला असं धरलं, तरी सगळे मिळून सामने नव्वदच्या पुढे जात नाहीत. बाकीच्या कॅप मिळतात त्या खंडीय स्पर्धांतून, पॅन अमेरिकन (अमेरिका खंडांतल्या देशांच्या) स्पर्धांसारख्या ठिकाणी, आणि सर्वांत जास्त मैत्रीपूर्ण लढतींतून. मैत्रीपूर्ण लढत आपोआप होत नाही. देशाच्या महासंघाने दुसऱ्या महासंघाशी बोलायचं, मैदान घ्यायचं, विमानाची तिकिटं काढायची, शिबिर लावायचं. पैसे आणि इच्छा, दोन्ही लागतात. अमेरिकेच्या संघाला असे सामने वर्षभर मिळत गेले. ब्राझीलच्या संघाला अनेक वर्षं ते मोठ्या स्पर्धा तोंडावर आल्यावरच मिळाले, एरवी मधले महिने कोरडे. म्हणजे खेळाडूच्या नावापुढचा आकडा जितका तिच्या ताकदीचा असतो, तितकाच तिच्या महासंघाच्या मनाचाही असतो. महिला फुटबॉलमध्ये तर जास्तच.

आपल्या मुलींनी हे फार जवळून भोगलं आहे. भारताचा महिला संघ आशियाई स्पर्धेत दोनदा उपविजेता ठरला होता. एकदा १९७९ च्या स्पर्धेत, जी प्रत्यक्षात जानेवारी १९८० मध्ये कालिकतला भरली, आणि मग १९८३ मध्ये. त्याच देशाचं नाव २००९ साली फिफाच्या क्रमवारीतून काढून टाकलं गेलं, कारण संघ १८ महिन्यांहून जास्त काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नव्हता. त्या दीड वर्षात कुणी एक मुलगी २४ ची असेल, ऐन बहरात असेल. तिच्या त्या काळातल्या कॅप किती? शून्य. आणि पुढे कुणी तिचा आकडा पाहिला तर त्याला ती सामान्य खेळाडू वाटेल.

ब्राझीलमध्ये हे नुसतं दुर्लक्ष नव्हतं, आधी कायदाच होता. १९४१ साली गेतुलियो वर्गास यांच्या राजवटीत एक हुकूम निघाला: स्त्रियांच्या ‘प्रकृतीशी विसंगत’ असलेले खेळ त्यांनी खेळायचे नाहीत. १९६५ मध्ये क्रीडा परिषदेने खेळांची नावंच घालून यादी दिली आणि त्यात फुटबॉल होता. ही बंदी उठली १९७९ मध्ये, आणि महिलांच्या फुटबॉलला रीतसर नियम मिळाले ते १९८३ मध्ये. फॉर्मिगाचा जन्म ३ मार्च १९७८ चा, बाहिया राज्यातल्या साल्वादोरचा. म्हणजे ती जन्मली त्या दिवशी तिने फुटबॉल खेळणं तिच्या देशात बेकायदा होतं. कायदा कागदावरून गेला तरी घराघरांतून जायला वेळ लागतो. वडील ती तान्ही असताना गेले, आई राबत होती, आणि मुलीने मुलांबरोबर बॉल खेळावा हे भावांना मान्य नव्हतं. खेळते म्हणून भावांचा मार खाल्ल्याचं तिने स्वतः सांगितलं आहे. त्यात ती कृष्णवर्णीय, गरीब घरातली आणि ईशान्य ब्राझीलची. त्या देशात या तीन गोष्टी एकत्र आल्या की दारं आणखी जड होतात.

नव्वदच्या दशकात राष्ट्रीय संघात पोचलेल्या मुलींना पुरुषांच्या संघाचे उरलेले कपडे मिळायचे. ढगळ शर्ट, ढगळ चड्ड्या. देशात त्यांच्यासाठी धड लीग नव्हती. महिलांची आजची राष्ट्रीय लीग सुरू झाली ती थेट २०१३ मध्ये, तेव्हा फॉर्मिगा ३५ वर्षांची होती. मधल्या काळात तिने स्वीडन गाठलं, अमेरिका गाठली, परत आली. साओ जोझे या क्लबकडून तिने दक्षिण अमेरिकेतली क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, लिबेर्तादोरेस, जिंकली. जानेवारी २०१७ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, तिला पॅरिस सेंट-जर्मेनने बोलावलं आणि ती तिथे साडेचार वर्षं खेळली. २०२१ मध्ये त्या क्लबने पहिल्यांदाच फ्रान्सची महिला लीग जिंकली, त्या संघात ती होती.

क्लब आणि देश यांचं गणितही इथेच सांगतो. खेळाडूचा पगार क्लब देतो, देशासाठी ती ‘उसनी’ जाते. फिफाने वर्षातले काही दिवस आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी राखून ठेवलेले असतात. त्या दिवसांत बोलावणं आलं तर क्लबला खेळाडू सोडावीच लागते. त्याबाहेर सोडायची की नाही, ही क्लबची मर्जी. ज्या देशात क्लबच नीट नाहीत तिथे वेगळीच अडचण होते: खेळाडू मोकळी असते पण खेळती नसते. म्हणून २०१५ मध्ये ब्राझीलच्या महासंघाने एक कायमस्वरूपी राष्ट्रीय संघ बांधला. खेळाडूंना महासंघाचाच पगार आणि महिनोन्‌महिने एकत्र सराव. विश्वचषक आणि रिओ ऑलिम्पिकसाठी ही सोय उपयोगी होती. पण ती मलमपट्टी होती, क्लबांची रुजलेली लीग हाच खरा उपाय. २०१९ पासून तिथल्या अव्वल श्रेणीतल्या पुरुषांच्या क्लबांना महिला संघ ठेवणं सक्तीचं झालं, ते योग्य झालं.

आता तिच्या कामाबद्दल. ती गोलसाठी ओळखली जात नाही. इतक्या सामन्यांत तिचे गोल तीसच्या आतच आहेत. ती खेळायची मधल्या फळीत, बचावाच्या अंगाने. ब्राझीलमध्ये या जागेला ‘व्होलांची’ म्हणतात. शब्दाचा अर्थ गाडीचं स्टिअरिंग, आणि तो तिथे रुजला फ्लामेंगो क्लबकडून खेळलेल्या कार्लोस व्होलांते या अर्जेंटिनाच्या खेळाडूच्या आडनावावरून, असं सांगतात. दोन्ही अर्थ जुळतात.

हे काम डोळ्यांत भरत नाही. ब्राझीलच्या खेळात कडेचे बचावपटू पुढे धावतात, आणि मार्टा, क्रिस्तियानेसारख्या आघाडीच्या खेळाडूंकडून मागे येऊन बचाव करण्याची अपेक्षा कमी असते. मग बॉल हातचा गेला की मागे मोठं मैदान उघडं पडतं. ते झाकायला कुणीतरी आधीच तिथे असावं लागतं. कबड्डीत चढाई करणाऱ्याची पकड ज्याच्या नावावर लिहिली जाते तो एक असतो, पण त्याआधी साखळीने त्याला कोपऱ्यात ढकललेलं असतं. मधली फळी ही ती साखळी. प्रतिस्पर्धी पास कुठे देणार हे बॉल सुटायच्या आधी ओळखायचं, त्या वाटेवर उभं राहायचं, बॉल काढून घ्यायचा आणि दोन स्पर्शांत तो मार्टाच्या पायाशी पोचवायचा. मार्टा पुढे तीन जणींना चकवते, टाळ्या तिला. आणि टाळ्या तिच्याच असतात, त्यात वाद नाही. पण एकदा एखादा जुना सामना बॉलकडे न बघता फक्त फॉर्मिगाकडे बघून पाहा. ती बहुतेक वेळा तिथे असते जिथे पाच सेकंदांनी बॉल येणार असतो.

चाळिशीनंतरही ती टिकली याचं उत्तर यात आहे. वेग पंचविशीनंतर हळूहळू कमी होतो, खेळाचं वाचन मात्र वाढत जातं. ९ जून २०१५, मॉन्ट्रियल, विश्वचषकातला दक्षिण कोरियाविरुद्धचा सामना. कोरियाच्या बचावपटूने मागे दिलेला कच्चा पास फॉर्मिगाने मधेच गाठला आणि गोल केला. वय ३७. महिला विश्वचषकात इतक्या वयात कुणी गोल केला नव्हता. त्याच सामन्यात मार्टाने पेनल्टीवर विश्वचषकातला आपला १५ वा गोल करून जर्मनीच्या बिर्गिट प्रिन्झला मागे टाकलं, आणि बातमी पुन्हा मार्टाची झाली.

पदकांचा हिशेब आनंदाचा आणि दुखरा, दोन्ही आहे. पॅन अमेरिकन स्पर्धेत तीन सुवर्णं: २००३, २००७, २०१५. मोठ्या मंचावर मात्र शेवटची पायरी हुकत राहिली. २००४ मध्ये अथेन्सला अमेरिकेकडून अंतिम सामन्यात जादा वेळेत १-२. २००७ मध्ये शांघायला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीकडून ०-२, त्यात मार्टाची पेनल्टी नादिने आंगेररने अडवली. २००८ मध्ये बीजिंगला पुन्हा अमेरिका, पुन्हा जादा वेळ, ०-१. चार वर्षांत तीन अंतिम सामने, तिन्ही हरले. २०१६ मध्ये घरच्या ऑलिम्पिकला, माराकानाच्या गच्च भरलेल्या स्टेडियमवर, उपांत्य फेरीत स्वीडनविरुद्ध गोलशून्य बरोबरी आणि पेनल्टी शूटआउटमध्ये हार. एकही विश्वविजेतेपद नाही, ऑलिम्पिक सुवर्ण नाही. या पराभवांवरून तिच्या कारकिर्दीला अपुरं म्हणणं मला पटत नाही. ज्यांच्या देशात लीग नव्हती त्या मुलींनी वर्षभर सामने खेळणाऱ्या अमेरिकेला दोन अंतिम सामन्यांत जादा वेळेपर्यंत रोखलं, हे त्या निकालांतच लिहिलेलं आहे.

डिसेंबर २०१६ मध्ये, याच मनाउसमध्ये, तिने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला होता. राष्ट्रीय संघातून निवृत्ती म्हणजे खेळ सोडणं नव्हे. क्लब चालू राहतो, फक्त देशाचं बोलावणं आता नको, एवढंच. अशी निवृत्ती मागेही घेता येते. पुढच्या वर्षी महासंघाने संघाच्या पहिल्या महिला प्रशिक्षक एमिली लिमा यांना दहा महिन्यांतच काढलं आणि काही ज्येष्ठ खेळाडूंनी नाराजीने राष्ट्रीय संघ सोडला. मधली फळी रिकामी झाली. परतलेले प्रशिक्षक वादाँव यांनी फॉर्मिगाला पुन्हा बोलावलं आणि २०१८ मध्ये ती आली. तिची जागा घेणारी खेळाडू तयार झाली नव्हती, कारण तयार करणारी यंत्रणाच नव्हती.

मग २०१९ चा फ्रान्समधला विश्वचषक, तिचा सातवा. जमैकाविरुद्ध उतरली तेव्हा तिचं वय ४१ वर्षं ९८ दिवस होतं. तिच्या काही सहकारी मुलींचा १९९५ मध्ये जन्मही झाला नव्हता. उपउपांत्यपूर्व फेरीत यजमान फ्रान्सने ब्राझीलला जादा वेळेत २-१ असं हरवलं. सामना संपल्यावर मार्टा कॅमेऱ्यासमोर डोळ्यांत पाणी आणून देशातल्या मुलींशी बोलली: फॉर्मिगा कायमची असणार नाही, मार्टा नसेल, क्रिस्तियाने नसेल, महिला फुटबॉल आता तुमच्यावर आहे. तीन नावांत पहिलं नाव तिने फॉर्मिगाचं घेतलं.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, ब्राझीलच्या महासंघाने राष्ट्रीय संघातल्या महिला आणि पुरुषांना सारखाच दैनिक भत्ता जाहीर केला. पहिल्या सामन्यापासून २५ वर्षांनी. तिला त्याचा लाभ जेमतेम वर्षभर मिळाला.

मनाउसचा तो सामना चार संघांच्या एका स्पर्धेतला होता. त्या स्पर्धेत भारत ब्राझील, चिली आणि व्हेनेझुएला या तिन्ही संघांशी हरला. तो दौरा तयारीसाठी होता. दोन महिन्यांनी आशियाई चषक आपल्याच घरी, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात होणार होता. २० जानेवारी २०२२ ला नवी मुंबईत इराणशी गोलशून्य बरोबरी झाली. २३ तारखेला चायनीज तैपेईविरुद्ध उतरायला कोरोनामुळे १३ खेळाडूही उभ्या राहू शकल्या नाहीत, संघाला स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं आणि आधीचा सामनाही स्पर्धेच्या हिशेबातून रद्द झाला. ब्राझीलला जाऊन, जगातल्या सर्वांत अनुभवी मध्यरक्षकासमोर खेळून आलेल्या मुलींची घरची स्पर्धा एका सामन्यात संपली. त्यांच्या कॅप मोजताना हेही कुणीतरी लक्षात ठेवावं.

२०२७ चा महिला विश्वचषक ब्राझीलमध्ये होणार आहे. दक्षिण अमेरिकेत तो पहिल्यांदाच जातो आहे. सामन्यांसाठी आठ शहरं निवडली आहेत आणि त्यांत साल्वादोर आहे.